पांढऱ्या रंगाखालच्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना कापडी फलक आहे. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, जाईबाईंच्या उंबऱ्याशी सध्या गुंडाळी होऊन पडलेला असतो. इथवर कसा आलो, ते सांगतो.

मी जाड मांजरपाटाचा. शेजारच्याच गिरणीत विणला गेलो. जाईबाई तिथे कामाला होत्या. पुरुषांइतकंच काम करून त्यांना पगार कमी मिळे. त्यांचे यजमान भिवा अक्षर वळणदार काढत. त्यांनी माझ्यावर लाल रंगात पहिली ओळ लिहिली : ‘समान कामाला समान दाम’. दोन बांबूंना बांधून मला मोर्चात नेलं. लोक मान वर करून वाचत. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे गिरणी बंद पडली. काही वर्षांनी सीमेवर लढाई पेटली. शांतता मोर्चासाठी फलक हवा होता आणि नवं कापड परवडत नव्हतं. भिवांनी माझ्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायला घेतला.

“अहो, आधीची मागणी मिळाली का?” जाईबाईंनी विचारलं.

“गिरणीच राहिली नाही. दाम मागायचा कुणाकडे?”

“दुसरीकडे बाया राबत नाहीत काय?”

भिवांनी रंगाचा हात पुरा केला. रंग वाळल्यावर त्यांनी लिहिलं : ‘लढाईचा पैसा शाळांना, दवाखान्यांना द्या’. मग तीही ओळ झाकली गेली आणि ‘गिरणीच्या जागेवर कामगारांना घरं’ आली. चाळीची ती रीतच पडली. नवा प्रश्न आला, की जुन्यावर पांढरा हात.

भिवा गेले. फ्लेक्स आले. मी माळ्यावर पडून राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात चाळीचं मातीचं पटांगण सिमेंटचं करून तिथे गाड्या लावायच्या, असा ठराव आला. गिरणीच्या जागी टॉवर झाल्यापासून तिकडचं पावसाचं पाणी चाळीत उतरतं. ते मुरायला तेवढीच माती उरली होती आणि जाईबाईंची खोली तळमजल्यावर. त्यांनी मला खाली काढलं. वरच्या मजल्यावरच्या मेघनानं माझ्यावर लिहिलं : ‘माती राहू द्या, झाडं राहू द्या’.

सभेत मला उलगडलं आणि रंगाचे पोपडे गळून पडले. खालच्या सगळ्या ओळी एकमेकींतून डोकावू लागल्या.

“मावशी, हा नक्की मागतोय काय?” ठराव आणणारा राजेश म्हणाला. “दाम, शाळा, घर, का झाड?” सगळे हसले.

“सगळंच. दाम मिळाला असता तर वरच्या मजल्यावर खोली घेतली असती रे. मग मातीपायी तुझ्या तोंडाला कशाला लागले असते?”

“पण मातीत गाडी रुतते, मावशी.”

“तुझ्याकडे गाडी आहे?”

“घेईन की.”

हात वर झाले. मेघनाच्या वडिलांचाही झाला. ठराव मंजूर झाला.

या पावसाळ्यात पाणी मुरलं नाही, घरात आलं. जाईबाईंनी मला घट्ट गुंडाळून उंबऱ्याला लावलं. जे पाणी फलक म्हणून मला अडवता आलं नाही, ते आता बोळा होऊन अडवतो. तरी थोडं आत जातंच.

पाणी ओसरलं, की त्या मला पिळून कठड्यावर वाळत घालतात. तेव्हा माझ्या सगळ्या ओळी उन्हात दिसतात. त्यातली एकही जुनी झालेली नाही.

मित्रांनो, नवी मागणी जरूर लिहा. कापड अपुरं पडलं तर अक्षरं बारीक काढा. पण आधीची पदरात पडेपर्यंत तिच्यावर पांढरा हात मारू नका.