मापाचा माणूस

बावीस फोटो लागले होते आणि एकाही फोटोत माझा नवरा नव्हता.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. वाळू होती, आभाळ होतं, टेकडीच्या माथ्यावरची धारदार कड होती. कडेच्या उजव्या टोकाला सुरेश असायचा, तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या फोटोत नाही, तिसऱ्यात नाही. मी शेवटपर्यंत गेले आणि परत आले. घरातलं माणूस हाकेला ओ देईनासं झालं की आपण खोल्याखोल्यांतून शोधतो, तशी मी त्या दालनात फिरत होते, आणि फिरता फिरता तळपायाची आग मस्तकात गेली.

माझा राग प्रसिद्ध आहे. भोपाळच्या अवधपुरीत आमच्या कॉलनीतला टँकरवाला माझा आवाज ऐकला की गाडी मागे घेतो. त्यामुळे तुम्ही म्हणाल, हिचं नेहमीचंच. म्हणून आधी सगळं सांगते, मग ठरवा.

मी इथल्या मोठ्या कारखान्यात फोटोग्राफर होते, प्रसिद्धी विभागात. फुलं, पक्षी, सूर्यास्त यांच्याशी माझा संबंध नव्हता. मी रोटर, झडपा, ट्रान्सफॉर्मर यांचे फोटो काढायची. यंत्राशेजारी एक माणूस उभा करायचा हा आमच्याकडचा नियम. माणूस नसेल तर दिल्लीत बसलेल्या साहेबाला कळणार कसं, की वस्तू घराएवढी आहे की कुकरएवढी? सुरेश टर्बाइनकडे इंजिनियर होता. उंच होता आणि सांगितलं की हलत नसे. त्याला मी चार-पाचदा रोटरशेजारी उभं केलं, तेव्हा त्याने विचारलं, मापाशिवाय आणखी कशाला उपयोग आहे का माझा? तिथे आमचं लग्न ठरलं. तो पुण्याचा, मी नागपूरची, आणि संसार भोपाळला.

वाळूचं वेड मला उशिरा लागलं. परीक्षित, म्हणजे आमचा मुलगा, तिसरीत असताना आम्ही जैसलमेरला गेलो. शहराच्या बरंच पुढे, एका गावाबाहेर मोठी वाळूची टेकडी होती. गावातले म्हणाले, ही चालते. मला पटेना. मी समोरच्या खेजडीच्या झाडाखाली ट्रायपॉड लावून एक फोटो घेतला आणि पुढच्या डिसेंबरात खात्री करायला परत गेले. टेकडी खरंच सरकली होती. मग दर डिसेंबरात तेच झाड, तीच लेन्स, सकाळचं तेच कोवळं ऊन. टेकडीने आधी काट्यांचं कुंपण खाल्लं, मग गुरांचा गोठा, मग विहीर. लोक म्हणतात काळ दिसत नाही. माझ्या फोटोंत तो विहिरीवर चढून बसलेला दिसतो.

आणि माथ्यावर सुरेश. समोरून चढलं की पावलं उमटतात, वाळू बिघडते, म्हणून तो टेकडीला लांबचा वळसा घालून मागून वर यायचा. धापा टाकत कडेवर उभा राहायचा. फोटोत तो काडेपेटीतल्या काडीएवढाच, पण त्या काडीमुळे कळायचं की टेकडी चार मजल्यांएवढी आहे, मग पाच, मग पुन्हा चार. काडीचंही काय होत गेलं ते कळायचं. पोट सुटलं, मग उतरलं, मग खांदे उतरले. शेवटची काही वर्षं कंपवाताची होती.

गेल्या मार्चमध्ये सुरेश गेला. त्याआधीच्या डिसेंबरातला फोटो मला सगळ्यांत प्रिय. डॉक्टर म्हणाले होते प्रवास नको, उभं राहणं तर नकोच. तो म्हणाला, जायचं. परीक्षितने रजा काढली आणि आम्हाला गाडीतून नेलं. आणि त्या सकाळी सुरेश असा ताठ उभा राहिला की मला लेन्समधून बघताना भरून आलं. एरवी चहाचा कप हातात ठरत नव्हता, आणि तिथे तो जराही हलला नाही. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला मी फोनवर तो फोटो दाखवला. बघा, म्हटलं, हा असा माणूस होता.

प्रदर्शन ठरलं तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, स्क्रीनसमोर बसायची मनाई होती. सगळं परीक्षितने केलं. फाइली काढणं, छापून घेणं, जवाहर चौकातल्या त्या कलादालनाशी बोलणं. मला त्याचं कौतुक वाटत होतं. उद्‌घाटन संध्याकाळी होतं आणि मी सकाळी सहज बघायला आले होते.

दालन चालवणारा आशिष खुर्चीवर उभा राहून दिवा सरळ करत होता. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला मुलगा, वागायला गोड.

"आशिष, खाली उतर," मी म्हणाले. "फोटोतला माणूस कुठे आहे?"

"कोण माणूस, काकू?" मग त्याला आठवलं. "अच्छा, ते. ते हटवून दिलं आपण. नजर तिथंच जाऊन अटकत होती ना. आता पहा, किती क्लीन लुक येतो आहे. नाव पण मी तसंच ठेवलं." त्याने दारावरच्या पाटीकडे हात केला. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: निर्मनुष्य.

"ते नाही. तो. माझा नवरा आहे तो."

आशिष खुर्चीवरून उतरला. त्याचा चेहरा पडला आणि मला त्याची अजिबात दया आली नाही. "देवाशप्पथ काकू, मला कोणी बोललंच नाही. मला वाटलं कोणी गाववाला असेल. मी फक्त परीक्षितला म्हटलं होतं, की विचार करून पहा. दुसऱ्याच दिवशी त्याने सगळे साफ करून पाठवून दिले."

"परीक्षितने?"

"हो. त्यानेच केलं सगळं."

मी पुन्हा पहिल्या फोटोकडे वळले आणि नाक लावून पाहिलं. काम सफाईदार होतं. सुरेशचे बूट होते तिथे आता वाळूच्या लहरी होत्या, वाऱ्याने कधीही न काढलेल्या. माझ्या मुलाने घरात बसून, बापाच्या अंगावर खोटी वाळू ओतून त्याला बुजवला होता. 

तेवढ्यात तो जिना चढून आला. दोन्ही हातांत समोशांचे खोके होते. मला बघून तो थबकला. त्याला कळलंच.

"आई, ऐक तर."

"तू ऐक. हे काय लावलंय? माप कुठे आहे यात? ही टेकडी आहे की आपल्या गल्लीत बांधकामासमोर टाकलेला ढीग? सांग मला कसं कळतं ते."

"लोकांना वाळू बघायची आहे, आई. माप कोण बघतं यार."

"मी बघते. आणि तुझा बाप दरवर्षी लांबून वळसा घालून त्या टेकडीवर चढला तो काय लोकांच्या नजरेत अटकायला? विचारलंस मला? मी आंधळी होऊन पडले होते घरात, मेले नव्हते."

"सांगणार होतो."

"कधी? उद्‌घाटन झाल्यावर?"

तो हातातल्या खोक्यांकडे बघायला लागला. लहानपणापासून त्याची हीच खोड आहे. मी चिडले की हा खाली बघतो, आणि समोरचा एकटाच वेडा ठरतो. आशिष मध्ये पडला. म्हणाला, नवीन प्रिंट आज शक्य नाहीत, बोलावलेले लोक येणार, आपण आजचा दिवस निभावून नेऊ. निभावून नेऊ हे शब्द ऐकले आणि माझा उरलासुरला धीर संपला. टेबलावर पाट्या लिहायचा काळा मार्कर पडला होता. मी तो उचलला.

फोटोंना काच नव्हती, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले होते. पहिल्या फोटोत सुरेश कुठे होता ते मला शोधावं लागलं नाही. कडेच्या उजव्या टोकाला मी एक उभी रेघ ओढली, वर टोपीचा ठिपका दिला.

"काकू, प्रिंट खराब होईल," आशिष म्हणाला.

"झालेलीच आहे."

दुसऱ्यात तो जरा डावीकडे होता, वारा फार होता म्हणून. तिसऱ्यात हात कमरेवर. गोठा बुजला त्या वर्षी त्याने काठी आणली होती, मी काठीही काढली. मला चित्रकला येत नाही. रेघा जाड येत होत्या, शाई कागदावर चकाकत होती, आणि बरं दिसत नव्हतं. मला बरं दिसायला नकोच होतं. मी एकेका फोटोपुढे जात होते आणि नवरा परत उभा करत होते. आशिष कुणाला तरी फोन लावत होता. परीक्षित खोके हातात धरून तसाच उभा होता.

शेवटचा फोटो सगळ्यांत मोठा छापला होता. मी मार्कर टेकवणार, तोच परीक्षितने खोके एका हातावर घेऊन माझं मनगट धरलं.

"यात काढू नकोस."

"सोड हात."

"यात बाबा उभे नव्हते, आई."

"डोळे फुटले का तुझे? ताठ उभा होता. मी स्वतः..."

"मी धरलं होतं त्यांना."

त्याचा आवाज चढला होता. माझ्यावर तो कधी आवाज चढवत नाही.

"तू त्याला मागून वर सोडून खाली गाडीत बसला होतास," मी म्हणाले.

"नव्हतो. मी त्यांना पाठुंगळी घेऊन मागून वर नेलं. उभं केलं की गुडघे दुमडत होते. मग मी मागच्या उतारावर पालथा पडलो. त्यांच्या गुडघ्यांना मागून खांदा लावला आणि पट्टा धरून ठेवला. नाकातोंडात वाळू जात होती. आणि ते सारखं म्हणत होते, डोकं खाली घे, तिला दिसेल. आणि तू समोरून ओरडत होतीस. वाकू नकोस. सरळ उभा राहा. सरळ. केवढ्या वेळा ओरडलीस माहितीये?"

मला आठवत होतं. मी ओरडले होते, कारण ऊन वर चढत होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"बाबा म्हणाले, सांगू नकोस. तिला कळलं तर ती पुढच्या वर्षी यायची नाही."

"आणि तो गेल्यानंतर?"

"नंतर तू जो येईल त्याला तो फोटो दाखवत सुटलीस. बघा कसा ताठ उभा आहे. मी आत चहा गाळत ऐकायचो. माझा खांदा दुखायचा, आई, खरंच दुखायचा. तुझ्या हातातून फोन घेऊन फेकून द्यावासा वाटायचा." त्याने खोके खाली ठेवले. "आज इथे सगळे समोसे खात तेच म्हणणार होते. मला ते नको होतं. एकाच फोटोतून काढले असते तर तू विचारलं असतंस. म्हणून सगळ्यांतून काढले."

मला त्याचा राग आला. त्याने मला न विचारता बाप पुसला याचा आला, आणि त्याहून जास्त, त्या सकाळी दोघांनी मिळून मला फसवलं याचा आला. सुरेशचा तर असा आला की तो समोर असता तर मी त्याला गदागदा हलवलं असतं. कुणी सांगितलं होतं उभं राहायला? मी. मीच सांगितलं होतं. लेन्समधून बघत होते मी, इतकी चांगली लेन्स, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसलं नाही, कारण मी वाळू बघत होते. हे कळलं तेव्हा रागाला जायला जागाच उरली नाही.

आशिष हळूच म्हणाला, "काकू, हा एक उतरवून टाकू का?"

"हात लावू नकोस."

परीक्षित भिंतीला टेकला होता. उजवा खांदा डाव्या हाताने दाबत होता, आणि आपण तसं करतो आहोत हे त्याला माहीतही नव्हतं. मी हे गेले कित्येक महिने घरात बघत होते आणि त्याला म्हणत होते, मोबाइल कमी बघ.

"माझा राग गेलेला नाही," मी म्हणाले. "तुझ्यावरचाही नाही, त्याच्यावरचाही नाही."

"माहितीये."

"इकडे ये. कुठे होतास तू, दाखव."

तो आला. त्याने कडेच्या जरा खाली, कोऱ्या वाळूवर बोट ठेवलं. फोटोत तो भाग दिसत नाही, टेकडीच्या मागचा आहे. तरी त्याने नेमकं बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

मी मार्कर टेकवला.  कडेच्या उजव्या टोकाला मी सुरेशला बसवलं, पाय पुढे सोडून, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून परीक्षितला.