आईच्या हजाराव्या दिवसाचा कांदा

जावा बेटावरच्या सोलो शहराच्या कडेला आमची गल्ली आहे आणि या गल्लीत बाईची किंमत तिच्या सुरीवरून ठरते. कुणाकडे लग्न असो नाहीतर मेलेल्या माणसाचं जेवण, शेजारणींनी आदल्या दिवशी आपापली सुरी आणि पाट घेऊन हजर व्हायचं, मांडी घालून बसायचं आणि सांगतील ते चिरायचं. मजुरी मागायची नाही. याला आम्ही रेवांग म्हणतो. जी जात नाही, तिच्या दारात कुणी येत नाही. कोण कधी आलं नाही हे कुणी लिहून ठेवत नाही, कारण बू एन्दांगला ते तोंडपाठ असतं.

बू एन्दांग, म्हणजे एन्दांगबाई, ही गल्लीप्रमुखाची बायको. बाईने जन्मात कधी कारखान्याचं फाटक ओलांडलं नाही, पण आमचा कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांत लांब उसासा हिनेच टाकला, तोही सभेत, माइकवरून. त्यानंतर चहा झाला. चहाला लागलेल्या बशा आम्ही, कामावरून काढलेल्या बायकांनीच, धुतल्या.

मी एकोणीस वर्षं शर्टाच्या बाह्या शिवल्या. फक्त बाह्या. पूर्ण शर्ट कसा होतो ते मी बाजारात बघायचे. आता पहाटे, ऑर्डर असली की, बू हार्तातींच्या केटरिंगमध्ये जाते, सकाळी लाँड्रीत इस्त्री करते, दुपारी शाळेच्या कँटीनमध्ये भांडी घासते. मधल्या वेळात घरचा भात, घरची धुणी आणि नवरा. तीन अर्ध्या नोकऱ्या मिळून एक पूर्ण नोकरी होत नाही, हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

नवऱ्याचं नाव सुगियार. त्याच कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि त्याच्या मते अजूनही आहे. रोज सकाळी तो निळा शर्ट घालतो, ज्याला इस्त्री मीच करते, आणि कवड्याच्या पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसतो. लायकीचं काम आलं तर करीन म्हणतो. कवडा निदान घुमतो तरी.

त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. माझी आई गेल्यानंतरचा हजारावा दिवस जवळ येत होता. हजाराव्या दिवसाचं जेवण झालं की माणसाला नीट पोचवलं असं आमच्यात धरतात, त्यानंतर त्याच्या नावाने दुसरं जेवण नाही. आई चाळीस वर्षं प्रत्येकाच्या चुलीपाशी गेली होती. तिची सुरी झिजून बोटाएवढी अरुंद झाली होती, तीच मी वापरते. तिचं शेवटचं जेवण माझ्या अंगणात, तिच्याबरोबर बसलेल्या बायकांच्या हातचं व्हावं, एवढंच मला पाहिजे होतं. आणि कामांच्या ओढाताणीत मी लागोपाठ तीन घरची रेवांग चुकवली होती.

बू एन्दांग हे सांगायला स्वतः आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या ओट्यावर टेकताना तिने आधी रुमालाने ओटा पुसला.

“पार्सिनी, तीन घरं झाली गं तुझी,” ती म्हणाली. “मी कुणाला काही बोलत नाही, पण बायका बोलतात. पुढच्या महिन्यात तुझ्या आईचं आहे. बायकांना मीच सांगायचं ना? मग माझ्याकडे सुरी घेऊन ये. दोन दिवस.”

मी येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? लाँड्रीच्या मालकाकडे दोन दिवस मागितले. तो कपड्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाला की जायचं तर जा, पण मग परत यायचे कष्ट घेऊ नका. इतक्या अदबीने मला कुणी कधी हाकललं नव्हतं. मी गेले. इस्त्री सुटली.

केटरिंगच्या बू हार्ताती मात्र ऐकेनात. लग्नाच्या आदल्या पहाटे मोठी ऑर्डर होती. मांसाची रसभाजी, बटाट्याची तिखट भाजी, सगळं तयार करून मागच्या दाराने पोचवायचं आणि गिऱ्हाइकाच्याच पातेल्यांत ओतून द्यायचं. केटरिंगचं एक झाकणही मागे राहता कामा नये अशी ताकीद होती. एवढं करून जा, म्हणाल्या. टेम्पोत बसले तरी मी पत्ता विचारला नाही. पत्ता विचारण्याची सवय नोकरदार माणसाला असते, माझ्यासारखीला नाही. टेम्पो माझ्याच गल्लीत वळला.

बू एन्दांगने मागचं दार उघडलं. केटरिंगचा ॲप्रन घालून, हातात पातेलं धरून मी उभी. तिचा चेहरा शिळ्या भातासारखा झाला.

मग पातेली ओतता ओतता सगळं बाहेर आलं. चाळीस बायकांना बोलावणं गेलं होतं, सात जणी हो म्हणाल्या होत्या. बाकीच्या कुठे हॉटेलात, कुठे कुणाच्या मुलांमागे, कुठे माझ्यासारख्या तीन ठिकाणी. आणि व्याह्यांना हिने तोंड भरून सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे अजून सगळं शेजारणीच रांधतात. मला हसू येत होतं. माइकवरचा उसासा आठवत होता.

“हे तुझ्यामाझ्यात राहू दे,” ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “घरी जा, कपडे बदल आणि पुढच्या दाराने सुरी घेऊन ये. तुझ्या आईच्या दिवशी तुझ्या घरी काही कमी पडणार नाही. माझा शब्द.”

मी कपडे बदलले आणि पुढच्या दाराने गेले. दोन दिवस आम्ही आठ जणी, शिजून तयार असलेल्या जेवणासाठी कांदा चिरत बसलो. म्हाताऱ्या म्बाह साप्तीनी, म्हणजे साप्तीनीआजी, या गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या स्वयंपाकीण. त्यांनी पातेल्यात एकदा पळी फिरवली, वास घेतला आणि परत पाटावर येऊन बसल्या. व्याही आले, ढेकर देऊन गेले, शेजारधर्माचं कौतुक करून गेले. मी तोंड मिटून होते आणि स्वतःवर खूश होते. एक नोकरी गेली, पण चाळीस बायका मिळवल्या, असं मला वाटत होतं. माझ्याइतकी मूर्ख बाई त्या अंगणात दुसरी नव्हती.

हजाराव्या दिवसासाठी मी गोणीभर छोटे कांदे आणले, चवळीच्या शेंगा आणल्या, चटया झाडल्या. बायका नऊला यायच्या होत्या. पहाटे बू हार्तातींचा निरोप आला की तीन तासांचं काम आहे, साठ डबे भरायचे आहेत. नऊच्या आत परत येता येईल म्हणून गेले. भात, चिकन, नूडल्स, मिरची, केळं, झाकण. पन्नासेक डबे झाल्यावर मी वर चिकटवायच्या चिठ्ठ्या हातात घेतल्या. चिठ्ठीवर माझ्या आईचं नाव होतं, आणि खाली माझ्या घराचा पत्ता.

बू हार्ताती म्हणाल्या, बू एन्दांगने मागवलेत, बायकांना उगाच त्रास नको म्हणून. त्यांना वाटलं मला माहीत असेल.

बाईने शब्द पाळला होता. माझ्या घरी काही कमी पडणार नव्हतं. मी उरलेले डबे भरले, कारण ते माझं काम होतं, आणि आईच्या शेवटच्या जेवणाची मजुरी पाकिटातून घेऊन घरी आले. तेव्हा मला रडू आलं नाही. किळस आली. तिची आली आणि त्याहून जास्त माझी, कारण तिचं खोटं झाकायला मी दोन दिवस कांदा चिरला होता.

नऊ वाजले, दहा वाजले. चटया रिकाम्या. सुगियार निळ्या शर्टात डबे मोजून रचत होता. बरंच झालं, आता शहरात असंच करतात, असं म्हणत होता.

साडेदहाला फाटक वाजलं. म्बाह साप्तीनी होत्या, काखेत पाट आणि हातात सुरी.

“डबे आलेत, म्बाह,” मी म्हटलं. “चिरायचं काही नाही.”

त्यांनी डब्यांच्या थप्पीकडे बघितलं, मग गोणीकडे. “तुझी आई माझ्याकडे पाच वेळा आली,” त्या म्हणाल्या. “ती डबे घेऊन नव्हती आली. गोणी ओढ इकडे.”

मी गोणी ओढली. सुगियार म्हणाला की या कांद्याचं आता काय करणार. म्हातारीने मान वर न करता त्याला चटई दाखवली. तो म्हणाला, हाताला वास राहील, कुठून कामाचं बोलावणं आलं तर कसं दिसेल. मग कवड्याला पाणी घालायला निघून गेला.

आम्ही दोघी चिरत बसलो. आईच्या अरुंद सुरीने कांदा पातळ निघतो, कागदासारखा. आता मात्र मी रडले, आणि कांदा असल्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. कँटीनमधून दोनदा फोन आला. हात ओले होते, मी उचलला नाही.