राशीवरचा छाप

धानोऱ्याच्या लग्नात पंगतीला बसलेल्या एका परक्या बाईनं कौसाबाईचंच बोलणं कौसाबाईला ऐकवलं, तिथून सगळं सुरू झालं.

नवरदेवाचा काका मांडवाच्या खांबाला खुर्ची टेकवून बसला होता आणि वाढणाऱ्या पोरांवर हुकूम सोडत होता. त्या बाईनं शेजारणीला कोपर मारलं. "दख व, दुसरानं काम दखीसनच याले घाम येस." शेजारीण तोंडाला पदर लावून खिदळली. कौसाबाईच्या हातातली पुरी वरणातच राहिली. हे वाक्य तिचं होतं. सारंगखेड्याच्या घरी, स्वयंपाकघरात, चुलत दिराबद्दल ती ते बोलली होती, आणि ते धानोऱ्यात तिच्याआधी येऊन जेवायला बसलं होतं.

"हाई कोठे ऐकं व तू?" तिनं विचारलं.

"मोबाईलमां उनं ना, मावशी. कोन्ही तरी 'माय म्हने' म्हनीसन लिखस. मन्ही सासू ते सकायमां चाय पेवाना पहिले तेच वाची लेस."

"कोनी माय?"

"ते लिखेल नही. पन माय जब्बर शे. तिनी जीभ म्हंजे कोयता!"

बाई खुशीत सांगत होती. कौसाबाईला हसू आलं नाही आणि जेवणही गेलं नाही.

आता कौसाबाईच्या जिभेबद्दल सांगायचं तर सारंगखेड्यात तिला उलट उत्तर देणारा माणूस अजून जन्मायचा होता. दुसरीत असताना मास्तरांना एक टोला दिला आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. एसटीची पाटी बोट ठेवून वाचावी, बँकेत सही करावी, एवढ्यावर तिनं केळीचा बाग, कापसाचा व्यवहार आणि तीन लेकरं सांभाळली. नवरा गेल्यावर भाऊबंदांनी बांध सरकवायला पाहिला, तेव्हा तिच्या हातात विळाही नव्हता. नुसती जीभ होती. बांध जागेवर राहिला. अशा जिभेतलं धान्य कोणी तिला न विचारता बाहेर नेत होतं.

घरी आल्या आल्या तिनं हेमकांतचा, म्हणजे लेकाचा, मोबाईल उचलला आणि पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"माय! हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"कान शेतस त्याले. आठे ऐकस आणि धानोरामां जाईसन सांगस."

"मोबाईल असं नही करत, माय."

"मंग मानूस करी ऱ्हायना. कोन, ते मी दखसू."

हेमकांतनं पीठ झटकलं आणि बागेत निघून गेला. तो वाद घालत नसे, घालून काही मिळतही नसे.

कौसाबाईनं मग घरात येणाऱ्या जाणाऱ्या माणसांवर नजर धरली. पोटची लेकरं सोडली तर तिचं बोलणं तीन बायकांच्या कानावर रोज पडत होतं. एक नानीबाई, शेजारच्या घरातली जाऊ, जिच्या पोटात पाणीसुद्धा संध्याकाळपर्यंत टिकत नसे. दुसरी फुलीबाई, मिरच्या निवडायला येणारी. तिसरी रुपा, हेमकांतची बायको. रुपा शिरपूरला कॉम्प्युटर शिकलेली. दुपारी घर निवांत झालं की ती लॅपटॉप उघडून बसे. त्यात ना चित्र ना गाणं, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. कोणा कंपनीचं काम असेल, असं कौसाबाई धरून चालली होती. रुपा बोलायची कमी. सासू बोलली की मान खाली, ओठ दाबलेले. त्यामुळे संशय पहिला नानीबाईवर, मग फुलीबाईवर, आणि रुपावर अगदी शेवटी, नावापुरता.

नुसत्या संशयावर बोलणारी ती नव्हती. तिचा सासरा खळ्यावरून घरी निघताना ज्वारीच्या राशीवर ओल्या राखेचे छाप मारून यायचा. कोणी ओंजळभर जरी दाणे उचलले तरी छाप मोडायचा, आणि कोणत्या बाजूनं मोडला यावरून हात कोणाचा तेही कळायचं. कौसाबाईनं तसेच छाप मारायचं ठरवलं. प्रत्येकीपुढं वेगळं बोलायचं. जे बाहेर फुटेल त्यावरून चोर सापडेल.

नानीबाईला तिनं गावातल्या नव्या बंगल्याबद्दल सांगितलं, "घर मोठं बांधं, पन दार इतलं बारीक की पाहुना दारच दखीसन परत जास." मिरच्या निवडताना फुलीबाईला सुरतेहून परतलेल्या वाहरूबद्दल म्हणाली, "वाहरू सुरतथीन उना तवयपाशी गुजरातीमां खोकलस."

राहिली रुपा. तिच्यापुढं काय टाकावं? मनात एक वाक्य कधीचं खदखदत होतं, पण ते कोणासमोर काढायची सोय नव्हती. धाकट्या लेकीची, मोहिनीची, सोयरीक म्हसावदला जवळजवळ जमली होती. मुलगा नवल, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला, शेतीही बरी. घर बघायला कौसाबाई गेली तेव्हा मुलाच्या आईनं, अनुसयाबाईनं, चहा दिला होता. नुसतं काळं पाणी. येत्या रविवारी ती माणसं शेवटचा शब्द द्यायला सारंगखेड्याला येणार होती. असलं वाक्य मुक्या माणसाजवळच ठेवावं, असा विचार करून ती भाजी चिरणाऱ्या रुपाला म्हणाली, "म्हसावदनी चाय पिनी का व तू? साखर डबामांच ऱ्हास. कपले फक्त तिनं नाव सांगतस."

रुपाचे खांदे हलले. ती हसत होती. कौसाबाईला बरंच वाटलं.

शुक्रवारी दुपारी मोहिनी मोबाईल घेऊन धावत स्वयंपाकघरात आली. तोंड पांढरंफटक.

"माय, तू म्हसावदनी चायबद्दल काही बोलनी का?"

कौसाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मन्ही मैत्रीणनी पाठाडं. दख. 'माय म्हने, म्हसावदनी चाय...' नाव नही लिखेल, पन म्हसावद लिखेल शे. त्या दखतीन ते?" मोहिनीचा आवाज फाटला. "माय, रविवारले कोन्ही येवाव नही आते!"

कौसाबाईनं लाटणं खाली ठेवलं. बंगल्याचं दार तिथं नव्हतं. वाहरूचा खोकलाही नव्हता. छाप मोडला होता तो मुक्या बाजूनं.

रुपा आतल्या खोलीत पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. कौसाबाई दारात उभी राहिली.

"मुका बैल शेत खास व माय, गाजावाजा नही करत."

रुपानं आधी सासूकडं पाहिलं, मग मोहिनीच्या हातातल्या मोबाईलकडं. एका नजरेत तिला कळलं.

"हाई... हाई जावानं नव्हतं," ती पुटपुटली. घाईघाईनं तिनं कळा दाबल्या. "मी ते ठेवाकरता लिखेल व्हतं. छापाकरता नही."

"ठेवेल व्हतं ते म्हसावदले कसं पोचनं?"

रुपानं सांगितलं. तिचं सगळं काम साधं होतं. एक फोल्डर, म्हणजे पिशवी समजा. सासू बोलली की ते वाक्य एका फाईलमध्ये लिहून त्या पिशवीत टाकायचं. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. त्या ओळीमागं तिनं स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट होती, सांगकाम्या गड्यासारखी. तो गडी पिशवीतली एकेक चिठ्ठी घेतो, तिचं पान बनवतो, आणि सगळी पानं सगळ्या जगाला दिसतील अशी मांडून येतो. काल तिनं दुसरंच वाक्य छापायला घेतलं होतं. पण म्हसावदची चिठ्ठीही त्याच पिशवीत पडलेली होती.

"गडीले सांगं नही ही कच्ची शे म्हनीसन?"

"तो वाचत नही, माय. पिशवीमां जे शे ते लई जास."

"असा गडी मी एक दिन बी ठेवतू नही," कौसाबाई म्हणाली. "आणि मन्हं बोलनं मले न इचारता लोकसले वाटी देनारी सून बी. ते नंतर दखसू. पहिले काढ ते."

रुपानं चिठ्ठी पिशवीतून काढली, ती ओळ टाइप केली, एंटर दाबलं. पडद्यावर अक्षरं भराभर धावली आणि थांबली. तिनं लॅपटॉप सासूकडं वळवला. "दखा. यादीमां नही आते. गयं."

मोहिनीनं सुस्कारा सोडला. कौसाबाईनं सोडला नाही. काळ्या पडद्यावर तिचा विश्वास नव्हता, सुनेवर तर आता मुळीच नव्हता.

"तुन्हा पडदा तुन्हंच ऐकस. मोहिनी, तुले जे उनं ना मैत्रीणनं, ते उघाड. तेच."

मोहिनीनं आलेल्या निरोपावर बोट ठेवलं. क्षणभर पांढरं, आणि मग तेच पान. साखर डबामांच ऱ्हास.

"हाई गयं?" कौसाबाईनं विचारलं.

रुपा वाकून बघत राहिली. "यादीमातून निघनं," ती हळू म्हणाली, "पन पान तठेच शे. गडीले पानं मांडता येतस. काढाले मी शिकाडंच नही."

"केळनं झाड कापं आणि बुडखाना कोंब तसाच ठेवा ते काय व्हस? आखो फुटस. खोदी काढ."

रुपानं या वेळी दुसरी ओळ टाइप केली, लांबलचक, चाचपून. मग मोहिनीच्या मोबाईलवर पान सापडत नाही असं आलं. कौसाबाईनं हेमकांतला बागेतून बोलावून त्याच्या मोबाईलवर बघितलं, नानीबाईला हाक मारून तिच्याही. नानीबाईनं काय झालं म्हणून दहादा विचारलं. "डोया दुखी ऱ्हायनात मन्हा, म्हनीसन तुन्हावर दखस," एवढंच उत्तर तिला मिळालं.

पण निघालेलं पान कोणी आधीच वाचलेलं असेल तर? ते कोणत्याही मोबाईलवर दिसणार नव्हतं. शनिवारभर कौसाबाई रुपाशी बोलली नाही. म्हसावदहून येऊ नका असा फोन येईल म्हणून फोन वाजला की मोहिनी दचकायची. आला नाही. न आल्यानंही कौसाबाईला संशयच आला.

रविवारी अनुसयाबाई आली. सोबत नवल, आणि एक लांबचे काका, जे बसल्या बसल्या पेंगायला लागले. अनुसयाबाई उंच, हाडकुळी, डोळ्यावर चष्मा. ऊस कसा आहे, केळीचा भाव काय, यात्रेच्या घोडेबाजारात यंदा घोडे किती आले, सगळं बोलून झालं. मुद्द्यावर मात्र ती येईना. रुपानं चहा आणला. कौसाबाईनं स्वतः उभं राहून साखर घालायला लावली होती, चमचा पुन्हा पुन्हा भरून.

अनुसयाबाईनं एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"साखर शे हो," ती म्हणाली. "नुसतं नाव नही."

काकासुद्धा जागे झाले. दारामागं मोहिनीनं दाराची कडी घट्ट धरली होती, तिची बोटं कौसाबाईला दिसत होती.

"कोनी सांगं तुमले?" कौसाबाईनं विचारलं. नाकारणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मी रोज वाचस 'माय म्हने'. पहिलापासून वाचस. हसू ये मले, म्हनू कोन माय शे हाई? गुरुवारले समजनं." अनुसयाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि होणाऱ्या विहिणीकडं पाहिलं. "मन्हा मालकले साखरनी बिमारी शे, याहीनबाई. आमना घरमां साखर टाकानी सवयच गयी. पाहुनासले बी तशीच जास. पन तुम्ही मले इचारं नही. गावले सांगं."

"गावले मी नही सांगं. ते..." कौसाबाईनं रुपाकडं पाहिलं. रुपाची मान खाली. चुकी सुनेवर ढकलणं सोपं होतं, खरंही होतं. पण परक्या घरच्या माणसांपुढं आपल्या घरचं माणूस उघडं पाडायचं, हे तिनं भाऊबंदांच्या भांडणातही कधी केलं नव्हतं. "बोलनी मीच. मन्ही जीभ शे."

"मंग ठीक. मले बी जीभ शे," अनुसयाबाई म्हणाली. "मन्हं बी एक तठे छापा. मंग सोयरीकनं बोलू. नही ते चाय चांगली व्हती, आम्ही निंघतस."

"सांगा."

अनुसयाबाईनं तयारी करूनच आणलं होतं. "सारंगखेडाना बाजारमां घोडाना दात मोजतस. कौसाबाईना दारशी गये की जीभ मोजनी पडस, आणि ती सरत नही."

नवल खोकला. काकांनी मिशीआड हसू लपवलं. कौसाबाईची कानशिलं तापली. तिच्या घरात, तिच्या बैठकीवर, तिच्याच साखरेचा चहा पिऊन! तोंडात उत्तर आलंही होतं, धारदार, म्हसावदच्या सात पिढ्यांना पुरेल असं. कडीवरची बोटं पांढरी पडली होती.

तिनं ते उत्तर गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"रुपा, आन तुन्हं ते."

रुपानं लॅपटॉप आणला. टाइप केलं. अनुसयाबाई म्हणाली, "वाची दखाड, दुसरंच काही लिखशी." रुपानं वाचलं. तरी कौसाबाई पुढं सरकली आणि पडद्याजवळ बोट नेऊन स्वतःचं नाव शोधलं. कौ, सा, बा, ई. पुढचं वाचायला वेळ लागला, पण तिनं वाचलं. 'ती सरत नही' सकट.

"पिशवीमां दुसरं काही शे का?"

"नही, माय. आख्खी दखी लिधी."

रुपानं ती एक ओळ टाइप केली आणि एंटरकडं हात नेला.

"ठहर. मी मारस."

कौसाबाईनं आधी बोट पदराला पुसलं, मग कळ दाबली, राशीवर छाप मारावा तशी, सावकाश आणि दाबून. अक्षरं धावली, थांबली. अनुसयाबाईनं चष्मा चढवून आपला मोबाईल काढला, बराच वेळ पडदा वर सरकवत राहिली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"मोहिनी," तिनं हाक मारली, "साखरना डबा लई ये व, बेटा."

मोहिनी डबा घेऊन आली. अनुसयाबाईनं चिमूटभर साखर तिच्या तोंडात घातली, मग कौसाबाईच्या. सोयरीक पक्की झाली. काकांनी नारळ मागितला.

पाहुणे गेल्यावर रुपा लॅपटॉप मिटून आत निघाली, तशी कौसाबाईनं हाक मारली.

"कोठे चालनी? बठ. त्या पिशवीमां मन्हं जितलं शे तितलं वाच, एकेक. काय जावू द्यानं, काय नही, मी सांगसू. आणि छाप मीच मारसू आते."

रुपा बसली.

"पहिले अनुसयाबाईनं वाच आखो एकदाव," कौसाबाई म्हणाली. "तिनी जाता जाता त्यामां काही वाढाडं ते नही ना?"