तापाचं घर

मनीषा बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली, त्याच सुमारास टीव्हीवर पुण्याच्या बातम्या सुरू झाल्या. शाळा बंद, थिएटरं बंद, तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यापुढं रांगा लावलेली माणसं. मखमलाबादच्या मळ्यात राहणाऱ्या गोजराबाईला मात्र दारात उभ्या लेकीचं सातव्या महिन्याचं पोट तेवढं दिसलं. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मनीषाला घरात घेतलं.

दोन-चार दिवसांत मनीषाला ताप भरला. आधी अंग दुखलं, मग खोकला सुरू झाला.

स्वाइन फ्लूला गावात ‘डुकराचा ताप’ म्हणत. खालच्या आळीत एकाला नुसत्या संशयावरून तपासायला नेलं, तर त्याच्या घरचं दूध कुणी घेईना. गोजराबाई आणि तिचा नवरा सावळीराम यांचा झेंडू ऐन भरात होता, गणपती तोंडावर आले होते. तापाच्या घरातली फुलं देवाला कोण वाहणार? गोजराबाईनं लेकीला आतल्या खोलीत झोपवलं, गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली आणि काढा उकळत ठेवला.

आरोग्य केंद्राची शुभांगी सिस्टर घरोघर विचारपूस करत फिरत होती. ती ओट्याशी येऊन थांबली.

“मावशी, घरात कुणाला ताप, खोकला? पुण्या-मुंबईहून कुणी आलंय?”

“नाय बाई. लेक अजून तिकडंच हाय. पुढच्या महिन्यात येणार.”

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. गोजराबाईनं नजर खाली घातली. शुभांगीनं आत डोकावून पाहिलं नाही.

“मी पोलीस नाही, मावशी,” ती म्हणाली. “पण एक सांगून ठेवते. पोटुशी बाईच्या छातीत हा ताप फार लवकर उतरतो. औषध आहे आपल्याकडं, ते वेळेत पोटात जायला हवं. मी केंद्रावरच असते.”

ती गेली. दुपारी गोजराबाई पेज घेऊन आत गेली, तर मनीषा उशीला टेकून बसलेली. “आई, झोपलं की...” एवढंच बोलली आणि धाप लागली म्हणून थांबली. तिची नखं निळसर दिसत होती. गोजराबाईनं वाटी तिथंच ठेवली, सावळीरामाला हाक मारून लेकीजवळ बसवलं आणि अनवाणीच आरोग्य केंद्राकडं निघाली.

खोटं का बोललात, असं शुभांगीनं विचारलं नाही. तिनं आधी फोन करून गाडी मागवली.

“गाडी तिकडं पाटाच्या रस्त्यावर थांबवा ना, बाई,” गोजराबाई म्हणाली. “दारात आली तर गाव बघंल.”

“थांबवते. पण तिथवर ती चालत कशी येईल?”

गोजराबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “दारातच आणा.”

गाडी दारात आली तेव्हा बांधावर माणसं गोळा झाली. शेजारची नवसाबाई तोंडाला पदर लावून मोठ्यानं म्हणाली, “लेकीला लपवून ठेवलं. आमच्या घरात माणसं नायत का?” गोजराबाईनं ऐकलं. त्यात चूक काही नव्हतं. तिनं मनीषाला धरून गाडीत चढवलं.

मनीषाला सरकारी दवाखान्यातल्या वेगळ्या वॉर्डात ठेवलं. जावई राज पुण्याहून येऊन दवाखान्याच्या आवारात थांबला. गोजराबाईला आणि सावळीरामाला गोळ्या दिल्या आणि घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं. शुभांगी रोज सकाळी मास्क लावून अंगणाच्या कडेला उभी राहायची आणि मनीषाचा निरोप सांगायची. ऑक्सिजन लावलाय. आज जरा बरं आहे. काल पुन्हा ताप चढला.

“पोटातलं?” गोजराबाई दरवेळी विचारायची.

“हलतंय, मावशी.”

फुलं तोडायला येणाऱ्या बाया आल्या नाहीत. टेम्पोवाला लांबूनच निघून गेला. सावळीरामानं एकट्यानं थोडी फुलं तोडली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. गणपती बसले, उठले. वाफ्यातला झेंडू वाळत गेला.

मनीषा घरी आली ती पार वाळून, पण आपल्या पायांनी गाडीतून उतरली.

एका सकाळी तिला तपासायला शुभांगी आली, पण तिचं लक्ष शेजारच्या घराकडं होतं. “मोतीरामभाऊ दिसत नाहीत,” ती म्हणाली. “नवसाबाई म्हणते, गावाला गेलेत.”

नवसाबाईचा नवरा मोतीराम भाजीची पिकअप घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा. पिकअप तर चिंचेखाली उभी होती. गोजराबाईनं चपला घातल्या.

सावळीराम म्हणाला, “ती तुला काय बोलली, विसरलीस का?”

“नाय विसरले. खरं तेच बोलली ती.”

नवसाबाईनं दार किलकिलं केलं. गोजराबाईच्या मागं सिस्टर दिसताच ती लावून घ्यायला लागली.

“थांब गं,” गोजराबाई म्हणाली. “गावाला गेलेत असं म्हणतेस ना? मीबी असंच सांगितलं व्हतं बाईंना. आणखी थोडा उशीर केला असता तर माझी लेक गेली असती.”

नवसाबाई दाराला धरून उभी राहिली. “तिथं माणसाला एकटं टाकतात म्हणं.”

“एकटं ठेवतात, टाकत नायत. मनीषाला धाप लागली की नर्सबाई हात धरून बसायची. ये, तिलाच विचार.”

“ह्यांना भाकरीबिगर चालत नाय.”

“भाकर मी थापून देते. बाई, पोचवाल ना?”

“पोचवते,” शुभांगी म्हणाली. “आधी त्यांना बघू द्या.”

नवसाबाई दारातून बाजूला झाली.

मोतीरामाचं दुखणं बरंच लांबलं, पण दसऱ्याच्या आधी तो घरी आला. दिवाळीच्या तोंडावर मनीषाला मुलगी झाली. बारशाला नवसाबाई सकाळपासून राबत होती. गावातल्या बऱ्याच बाया आल्या, काही घरांतून मात्र कुणी आलं नाही. गोजराबाईनं त्यांच्या वाटच्या घुगऱ्या बाजूला काढून ठेवल्या आणि संध्याकाळी स्वतः घरोघर नेऊन दिल्या. एका घरी दार उघडलं नाही. तिनं पुडा उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आणि पुढच्या घराकडं वळली.