ताकवाल्या गवळणीचं पुढं काय झालं

रत्नव्वाला कीर्तनाचं भारी वेड. मंगळवार पेठेत कुठं टाळ किणकिणला की ही पहिल्या रांगेत मांडी घालून हजर. तिची भाची रक्षिताही तेवढीच वेडी. पण रक्षिता ऑटिस्टिक. लाउडस्पीकरचा कर्णा कोकलायला लागला की तिच्या डोक्यात खिळे ठोकल्यासारखं व्हायचं. पूर्वरंग संपायच्या आत बिचारी घरी. कीर्तनकार पिराजीबुवांच्या गोष्टीतल्या ताकवाल्या गवळणीचं शेवटी काय होतं, हे तिला आजवर कळलंच नव्हतं.

शेवटी तिनं आणि तिच्या मित्रानं, सम्मेदनं, आपल्यासारख्याच ऑटिस्टिक मंडळींचा गट जमवला आणि स्वतःच पिराजीबुवांचं कीर्तन ठेवलं. नियम त्यांचे. कर्णा नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात हवेत हलवायचे. विचारल्याशिवाय कुणाला बुक्का लावायचा नाही. दमलं तर कोपऱ्यातल्या गादीवर खुशाल पडायचं.

"कीर्तनात गादी?" रत्नव्वा म्हणाली.

"तू बसल्या बसल्या घोरतीस की, आत्या."

बुवा उभे राहिले. एकजण हॉलभर फेऱ्या मारत ऐकत होता, सम्मेद डुलत होता, दोघी पालथ्या पडून ऐकत होत्या. पण मोबाइल काही कुणी काढला नाही. बुवांना रंग चढला. गवळण ताकाचं मडकं घेऊन निघाली, नदी ओलांडून देवळाशी पोचली. बघते तर दार बंद.

आणि बुवा थांबले. फेटा सारखा केला. तीच ओळ तीनदा गायली. पेटीवाला भिंतीकडं बघायला लागला.

त्याचं असं, की गवळण दाराशी पोचली की दरवेळी मागनं आमटीचा वास यायचा आणि समदी पंगतीला पळायची. इतक्या वर्षांत शेवट सांगायची वेळच आली नव्हती. बुवा तो साफ विसरले होते.

इथं कुणी उठेना. रक्षिता पुढं सरकली. "दार बंद. मग?"

बुवांनी आशेनं रत्नव्वाकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला. पंगतीला पहिली पळणारी तीच.

"बुवा, दमलाय काय?" सम्मेद म्हणाला. "गादी हाय की. नियम सगळ्यांना सारखा."

बुवा फेट्यासकट आडवे झाले. सम्मेदनं त्यांच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले. मंडळी निवांत बसून राहिली. कुणी खाकरलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. मग बुवा उठले ते हसतच.

"गवळण म्हणाली, देवा, दार का लावलंस? आतनं देव म्हणाला, बाई, भायेर घंटा लय बडवत्यात. तेवढ्या थांबीव, आन् ताक घिऊन आत ये."

सगळे हात वर गेले. रत्नव्वानंही बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपराकडं सरकवल्या आणि हात हलवले. रक्षिताचे तर खाली यायलाच तयार नव्हते.

बाहेर पडताना रत्नव्वानं हळूच विचारलं, "ह्यो शेवट मूळचाच व्हय गं? का गादीवर सुचला?"

"मला काय विचारतीस? तू तर दरवेळी शेवटपर्यंत असायचीस."

रत्नव्वा चपला शोधायला लागली. चपला पायातच होत्या.