वाढत्या अंगाचा बंपर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे; पण जुनी झाली म्हणून गप्प बसणाऱ्यांतली नाही. एका जागी उभी राहिले की मला मुंग्या येतात. सिग्नलला बाकीच्या गाड्या कशा शहाण्यासारख्या उभ्या असतात, आणि मी आरशापासून डिकीपर्यंत थरथरत असते. मेकॅनिक म्हणतो, इंजिनाखालचं रबर गेलं. मी म्हणते, स्वभाव आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाने दारं लावली, दुसऱ्याने चाकं बसवली, तिसऱ्याने पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. तेव्हापासून पुढे जाणं एवढंच मला कळतं. पहिले मालक डॉक्टर होते. मला पहिला ओरखडा पडला तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. दुसरा पडला तेव्हा त्यांनी मला विकून टाकलं आणि पोटभर जेवले.

मग मी शिंप्याच्या घरी आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा हात सोन्याचा, पण खोड अशी, की दिसेल त्याचं मनातल्या मनात माप घ्यायचे. पाहुणा दारात आला की 'या, बसा' म्हणायच्या आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मालकीणबाईंना, माझं फार कौतुक. त्या माझ्यावरच गाडी शिकल्या. क्लच दाबताना ओठ दाबायच्या, गिअर बदलताना 'सॉरी हं' म्हणायच्या. अशी माणसं कमी असतात, मित्रांनो.

जवळच्या बालवाडीला मुलांची ने-आण करणारी गाडी चालवायला बाई हवी होती. मालकीणबाईंचा त्या कामावर जीव जडला होता. जन्मभर मास्तरांच्या दुकानात काजं-बटणं केली, आता त्यांना बाहेर पडायचं होतं. पण लायसन्स पाहिजे! पहिल्या परीक्षेत त्या चढावर मागे घसरल्या. दुसऱ्यांदा तर परीक्षक दार उघडून आत बसायच्या आतच निघाल्या. ते बिचारे वही हलवत मागे धावले. आता तिसरी खेप. बालवाडीवाल्यांनी सांगून टाकलं होतं, "या वेळी झालं तर तुम्ही, नाहीतर दुसरी बाई बघतो."

घरात कोणाला झोप नाही. मास्तर येरझाऱ्या घालायचे. शेवटी त्यांना उपाय सुचला.

"परीक्षेला जाताना माणूस चांगले कपडे घालतो की नाही?" ते मला म्हणाले. "चांगल्या कपड्यातल्या माणसाला सहसा कोणी नापास करत नाही."

आणि त्यांनी मला बॉडी किट बसवायचं ठरवलं. म्हणजे पुढे नवा रुबाबदार बंपर, दोन्ही बाजूंना दारांखाली झालर, मागे डिकीवर पंख. बायकोला पत्ता लागू द्यायचा नव्हता. चित्रं बघण्यात त्यांनी इतका वेळ घातला, की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या लागल्या.

माझं मॉडेल जुनं, तयार किट मिळेना. तेव्हा मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, माझं माप घेतलं आणि कागद फायबरवाल्यापुढे टाकला.

फायबरवाला डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, हे माप गाडीचं आहे की मांडवाचं?"

"थोडं वाढत्या अंगाचं धरलंय."

"गाडी वाढते होय?"

"अहो, सैल झालं तर आत घेता येतं. तोकडं झालं तर काय करणार? खाली दुमडायलाही ठेवलंय बघा."

"मास्तर, फायबर दुमडत नाही."

"नवीन कापड आलं की सगळे असंच म्हणतात," मास्तर म्हणाले. "तुम्ही बनवा."

त्याने बनवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्याच्या शेडमध्ये उभी होते. मला पळून जावंसं वाटत होतं. बंपर माझ्या तोंडावर धरला तर आत मांजर झोपेल एवढी फट! त्याने वॉशर भरले, पट्ट्या भरल्या, गोंद ओतला, स्क्रू पिळले आणि हात जोडले. "दोन दिवस हलवू नका."

"धावदोरा समजायचा," मास्तर म्हणाले आणि मला हलवत घरी आणलं.

सकाळी मालकीणबाई बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या. "अहो, हिचा जबडा का सुजलाय?"

"किट आहे ते. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? मला हिचे कोपरे पाठ होते हो! आता कुठे संपते तेच कळत नाही. काढा आधी!"

मास्तरांनी ओढलं. फटीतून हात कोपरापर्यंत आत गेला, बंपर मात्र जागचा हलला नाही. वेळ झाली होती. त्या डोळे पुसत आत बसल्या. या वेळी मला 'सॉरी' म्हणाल्या नाहीत.

परीक्षक आले, तेच, वहीवाले. त्यांनी आधी दार घट्ट लावून घेतलं, मग पट्टा लावला, मगच म्हणाले, "चला."

मी निघाले. झालर फडफडत होती, पंख खडखडत होता. मालकीणबाईंच्या हाताचा घाम मला स्टिअरिंगवर जाणवत होता. चढ नीट पार झाला. वळण झालं. मग आला गतिरोधक. बाईंनी वेग अगदी मुंगीचा केला, तरी खालून करकर झाली आणि बंपर सुटून माझ्यापुढे रस्त्यावर आडवा पडला.

ब्रेक लागला. खरं सांगते, मित्रांनो, तो मी लावला नाही. त्यांचा पाय माझ्याआधी पोचला होता. त्यांनी हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकते केले, मागचं आरशात पाहिलं, उतरल्या, बंपर उचलून मागच्या सीटवर खिडकीतून तिरका घातला आणि परत येऊन पट्टा लावला. मागे एकानेही हॉर्न वाजवला नाही. सगळे बघत बसले होते.

"घाबरला नाहीत?" परीक्षकांनी विचारलं.

"घाबरले ना. रडणार आहे, पण परीक्षा झाल्यावर."

त्यांनी वही मिटली. "अचानक अडथळा आल्यास काय कराल, हा प्रश्न मी नेहमी तोंडी विचारतो," ते म्हणाले. "आज राहू दे. पास."

तेव्हापासून मालकीणबाई बालवाडीची मोठी पिवळी गाडी चालवतात. संध्याकाळी येतात तेव्हा चेहऱ्यावर ऊन आणि आवाजात मुलांची गाणी असतात. पुन्हा गाडीत बसायचं त्यांना नको वाटतं. मास्तर शरमेने पायीच दुकानात जातात. त्यांनी किट उतरवलं आणि मला कापडाचं कव्हर शिवलं. मित्रांनो, ते असं अचूक बसलंय, की कुठे एक सुरकुती नाही. त्याच्या आत मी उभी असते. बॅटरी उतरत चालली आहे, टायर खालून चपटे होत आहेत, आणि मुंग्या तर विचारू नका.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिला नटवू नका आणि जपूनही ठेवू नका. तेल बघा, हवा भरा आणि चावी फिरवा. रोज संध्याकाळी मास्तर येतात, कव्हरवरची धूळ झटकतात, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहतात आणि आत जातात.

अहो मास्तर, बसा ना एकदा. कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन येऊ.