दोन शिटांची गाडी

लालासाहेबांनी इसाराच्या नोटा बॉनेटवर ठेवल्या आणि म्हणाले, "नाथाजी, गाडी विकायची नाही आता. पोरांना आवडलीय."

थट्टा करतायत असं वाटून नाथाजी हसला. शेजारी बनुबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उभी होती. सांगलीहून कराडपर्यंत नवऱ्याशेजारी बसून जायचं, म्हणून तिनं डोक्याला बांधायला रुमालही आणला होता.

"आवं, ठरलंय न्हवं आपलं?"

"ठरलं तेव्हा ती बंद होती."

बंद होती हे खरंच. लालासाहेबांच्या वडलांनी हौसेनं घेतलेली ती इंग्रजी गाडी, बिनटपाची, वरून उघडी, ते गेल्यापासून पेंडीच्या पोत्यांआड सडत होती. नाथाजी पलटणीत मेकॅनिक होता. अंबाल्याला एका कर्नलची असलीच गाडी त्यानं किती वेळा दुरुस्त केली, पण चालवायला कधी मिळाली नाही. पेन्शनीत आल्यावर ही नजरेला पडली आणि त्याला दुसरं काही सुचेना. दुरुस्त तू कर, मग ठरल्या भावात ने, असा लालासाहेबांनी शब्द दिला. उन्हाळाभर तो एस.टी.नं सांगलीला येत राहिला. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून कार्बोरेटर मिळवला, ब्रेकचा पंप बदलला, उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्यानं ओढल्या. शिटांची कव्हरं बनुबाईनं घरी शिवली. परवा इंजिन सुरू झालं, आणि लालासाहेब स्वतःच बंगल्याभोवती चकरा मारत सुटले.

"तुझी मजुरी काय होईल ती सांग," ते आता म्हणाले.

"मी मजूर न्हाई तुमचा!" नाथाजी असा ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "घेणारा हाय मी! इसार घेतलासा, शब्द दिलासा, आन..."

बनुबाईनं हत्यारांची पिशवी त्याच्यापुढं आदळली. "बोलत काय बसलाय? आपलं हाय त्येवढं काढा."

त्यानं बॉनेट उघडलं, नोटा खाली पडल्या. कार्बोरेटर, प्लग, वायरी, एकेक सुटत गेलं. बनुबाईनं कव्हरं टराटरा ओढली.

"धुळा, धर त्याला!" लालासाहेब गड्यावर खेकसले. उन्हाळाभर धुळानंच ती गाडी ढकलली होती. तो खाली बघत जागच्या जागी राहिला.

"बरं बाबा, ने," शेवटी लालासाहेब म्हणाले. "ठरल्या भावात ने."

नाथाजी थांबला. हातातल्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं. नुसतं 'व्हय' म्हटलं की गाडी त्याची होती.

"आता फुकट दिलासा तरी नगं!"

एस.टी.त कंडक्टरनं पिशवीचं तिकीट मागितलं, तर नाथाजी त्याच्यावरही धावून गेला.

"त्येच्यावर कशाला?" बनुबाई म्हणाली. "ज्येच्यावर वरडायचं तितं निम्मंच वरडलासा."

पंधरवड्यानं धुळा निरोप घेऊन रानात आला. गाडी जाग्यावरच उभी होती, दुसऱ्या कुणाकडून ती चालू होत नव्हती. म्हणशील त्या भावात ने, म्हणत होते लालासाहेब.

"न्हाई म्हणून सांग," नाथाजी उसाला पाणी पाजता पाजता म्हणाला. बनुबाईनं धुळाला चहा दिला, आणि तो गेला.

मग नाथाजीनं पाटात खोरं असं हाणलं की बांधच फुटला. पाणी शेजारच्या रानात घुसलं. लालासाहेबांना शिव्या घालत तो दिवस बुडून कडुसं पडेपर्यंत बांधावर चिखल ओढत राहिला.